एक बटण, एक भांडण

मराठी संकेतस्थळांवर एक धागा दरवर्षी ठरलेला असतो : 'ॲडमिन, एवढी सोय द्याच.' निम्म्या लोकांना लाइकचं बटण हवं असतं आणि ते आलं तर उरलेले निम्मे आयडी बंद करणार असतात. एकाला आपला प्रतिसाद कधीही बदलता यायला हवा. दुसरा म्हणतो, म्हणजे भांडण रंगलं की तुम्ही मागे जाऊन शब्द फिरवणार. दोन दिवसांनी वेबमास्तर उगवतात, 'यादीत घेतलंय' म्हणतात आणि गुप्त होतात.

ही यादी जगभर गेली पन्नास वर्षं चालू आहे आणि संपायचं नाव घेत नाही. कारण साधं आहे. चर्चेच्या सॉफ्टवेअरमधली जवळजवळ प्रत्येक सोय कुणाच्या तरी उपद्व्यापातून जन्मलेली आहे, आणि उपद्व्यापी माणसांची टंचाई अजून तरी कुठे जाणवलेली नाही.

आधी नाव सांगा

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात 'प्लेटो' नावाची संगणकयंत्रणा होती. तिच्यातल्या चुका कळवायला एक सामायिक फाइल ठेवलेली होती. कुणीही यावं आणि लिहावं. अडचण एवढीच, की कुणीही यावं आणि दुसऱ्याचं लिहिलेलं पुसावं, हेही त्यात जमत होतं. कोण काय म्हणालं याचा पत्ता लागेना. तेव्हा १७ वर्षांच्या डेव्हिड वुली या पोराला काम मिळालं : काहीतरी कर. त्याने असा प्रोग्रॅम लिहिला, की प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख आपोआप पडेल, दुसऱ्याला ती बदलता येणार नाही आणि खाली उत्तरं लिहिता येतील. ७ ऑगस्ट १९७३ ला 'प्लेटो नोट्स' सुरू झालं. आजच्या धाग्याचा हा खापरपणजोबा. एका नोंदीला जास्तीत जास्त ६३ उत्तरं बसायची. आपल्याकडे 'पोहे कांद्याचे की बटाट्याचे' या विषयावर ६३ प्रतिसाद चहा गार व्हायच्या आत होतात.

गंमत पुढेच आहे. नाव सक्तीचं होऊन तीन वर्षंही झाली नव्हती, तोच १९७६ च्या नव्या आवृत्तीत निनावी लिहिण्याची सोय द्यावी लागली. नाव हवं आणि नाव नको, हे दोन पक्ष तेव्हापासून समोरासमोर उभे आहेत.

याच प्लेटोवर रे ओझी नावाचा विद्यार्थी काम करत होता. ती कल्पना डोक्यात ठेवून त्याने पुढे 'लोटस नोट्स' घडवलं, ते १९८९ मध्ये बाजारात आलं. ज्यांनी कंपनीत बसून लोटस नोट्सच्या नावाने बोटं मोडली असतील, त्यांनी उगम कुठे आहे ते लक्षात ठेवावं.

मत मांडायला पाव डॉलर

त्याच ऑगस्ट १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, लिओपोल्ड्स नावाच्या रेकॉर्डच्या दुकानात एक टेलिटाइप यंत्र येऊन बसलं. शेजारच्या भिंतीवर वादकांच्या चिठ्ठ्यांचा फळा होता. यंत्राचा खडखडाट इतका, की त्याला पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबलं होतं, वर पारदर्शक झाकण आणि हात घालायला दोन भोकं. फोनच्या तारेने ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या संगणकाला जोडलेलं. याचं नाव 'कम्युनिटी मेमरी'. येणाऱ्याने 'ॲड' म्हणून नोंद घालायची, 'फाइंड' म्हणून शोधायची. घालणारे भाड्याची खोली, बॅण्डला ड्रमवाला अशा कामाच्या नोंदी घालतील अशी अपेक्षा होती. एकाने विचारलं, या भागात चांगले बेगल कुठे मिळतात? बेगल म्हणजे भोकाचा पाव. उत्तरांमध्ये एका माजी बेकरीवाल्याचं उत्तर होतं : या, करायलाच शिकवतो. प्रश्नाला पत्त्याऐवजी माणूस मिळाला. इंटरनेटवरच्या अर्ध्या पाककृती विभागांची मूळ प्रेरणा मला तरी यातच दिसते.

पण खरी चटपटीत गोष्ट १९८४ ची. याच मंडळींनी नवी यंत्रं बसवली, ती नाणी टाकून चालणारी. वाचणं फुकट. मत लिहायचं तर २५ सेंट. नवा विषय काढायचा तर पूर्ण एक डॉलर. धाग्यांच्या जिलब्या पाडणाऱ्यांवर इतका सरळ उपाय पुन्हा फारसा कुणी केला नाही. पुढे 'मेटाफिल्टर' या चर्चास्थळाने २००४ मध्ये नव्या सभासदाला एकदाच पाच डॉलर लावले, आणि 'समथिंग ऑफुल'वर दहा डॉलर भरून सभासद व्हायचं, हकालपट्टी झाली आणि परत यायचं तर पुन्हा दहा भरायचे. म्हणजे भांडखोर जितके, तितकं संस्थळाचं उत्पन्न. आपल्याकडे 'पुणे की मुंबई' या एका धाग्यावर प्रतिसादाला रुपया लावला, तरी सर्व्हरचं वर्षाचं भाडं सुटेल.

बर्फाची कृपा

जानेवारी १९७८. शिकागोत हिमवादळ, कुणाला घराबाहेर पडता येईना. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस या दोघा संगणकवेड्यांनी त्या सुट्टीत संगणकावरचा सूचनाफलक बनवला : 'सीबीबीएस'. फोनची लाइन एकच, त्यामुळे एका वेळी एकच माणूस आत. दुसऱ्याने एंगेज टोन ऐकत बसायचं. काम दोन आठवड्यांत झालं होतं, पण तेवढ्यात झालं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून त्यांनी जन्मतारीख १६ फेब्रुवारी सांगितली, म्हणजे एक महिना लागला असं दिसावं. काम लवकर संपल्याचं लपवणारा प्रोग्रॅमर मला त्यानंतर भेटलेला नाही.

लिफ्टमध्ये पारा सांडला

हसऱ्या चेहऱ्याचा जन्म गैरसमजातून झाला. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकी फलकावर कोडी चालली होती : खाली कोसळणाऱ्या लिफ्टमध्ये पाऱ्याचा थेंब असेल तर काय होईल? त्यावर एकाने थट्टेत खोटीच सूचना टाकली, की प्रयोगामुळे लिफ्टमध्ये पारा सांडलेला आहे. काहींना ती खरी वाटली. मग खल सुरू झाला, की विनोदाला खूण हवी. कुणी एक चिन्ह सुचवलं, कुणी दुसरं. १९ सप्टेंबर १९८२ ला सकाळी ११ वाजून ४४ मिनिटांनी स्कॉट फालमन यांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस एकापुढे एक ठेवले आणि मान कलती करून वाचा म्हणून सांगितलं. मूळ संदेश नंतर हरवला. २० वर्षांनी, २००२ मध्ये, जुन्या बॅकअप टेपा धुंडाळून तो सापडला. बॅकअप घ्या म्हणून कानीकपाळी ओरडणाऱ्या वेबमास्तरांनी हा किस्सा फ्रेम करून लावावा.

वाळीत टाकण्याच्या नाना परी

आता मुख्य विषयाकडे येऊ. नको असलेल्या माणसाचं करायचं काय?

पहिला उपाय सभ्य होता. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये 'यूजनेट' या चर्चाजाळ्यावरचं लिखाण वाचायला 'आरएन' हा प्रोग्रॅम केला. त्यात 'किल फाइल' होती. नाव जरी खुनशी असलं, तरी काम साधं : त्या फाइलीत ज्याचं नाव टाकाल, त्याचं लिखाण तुम्हाला दिसणार नाही. इतरांना दिसेल. लोकांनी त्यात नाट्य आणलं. माणूस फाइलीच्या तळाशी आपटल्याचा आवाज म्हणून 'प्लॉंक' असा एकच शब्द त्याला जाहीरपणे लिहून पाठवायचा, हा शेवटचा नमस्कार. हेच वॉल पुढे 'पर्ल' या भाषेचे जनक झाले आणि नव्वदच्या दशकातली कितीतरी चर्चास्थळं पर्लमध्येच लिहिली गेली.

दुसरा उपाय हकालपट्टी. पण हाकललेला माणूस अर्ध्या तासात नवा आयडी घेऊन हजर होतो आणि आधीपेक्षा दुप्पट चवताळलेला असतो. मग सॉफ्टवेअरवाल्यांनी कपट शोधलं. 'व्हीबुलेटिन' हे एके काळी जगभर चालणारं विकतचं सॉफ्टवेअर. व्हिज्युअल बेसिकच्या संस्थळावर आधीचं सॉफ्टवेअर गर्दीने धापा टाकायला लागलं, म्हणून ते जन्मलं. त्याच्या सेटिंग्जमध्ये एक विचित्र नावाची ओळ होती : 'टॅची गोज टू कॉव्हेंट्री'. इंग्लंडात एखाद्याशी सगळ्यांनी बोलणं टाकलं, की त्याला कॉव्हेंट्रीला पाठवला म्हणतात. त्या खान्यात आयडीचा क्रमांक टाकला की तो माणूस लिहीत राहतो, त्याला स्वतःचं लिखाण झकास दिसतं आणि बाकी कुणालाच ते दिसत नाही. गडी पानंच्या पानं भरतोय, कुणी उत्तर देत नाही, शेवटी कंटाळून निघून जातो. पुढे याला 'हेलबॅन', 'शॅडोबॅन' अशी नावं पडली.

व्हीबुलेटिनसाठीच 'मिझरेबल यूजर्स' नावाचा आणखी एक जोडप्रोग्रॅम मिळायचा. त्याने माणसाला हाकलायचं नाही, फक्त छळायचं. पान उघडायला मुद्दाम वेळ लावायचा. मधूनच 'सर्व्हर व्यस्त आहे' म्हणून सांगायचं. मधूनच कोरं पान दाखवायचं. बिचारा आपल्या इंटरनेट कंपनीला शिव्या घालत बसतो. सरकारी कचेरीत एकदा जरी चक्कर मारली असेल, तर ही पद्धत ओळखीची वाटेल.

हे नैतिक आहे का? माझ्या मते नाही. माणसाला काढायचं तर तोंडावर सांगून काढावं. पण ट्रोलने रात्री दोनला फोन वाजवलेला ॲडमिन हे मत ऐकून घेणार नाही, हेही खरं.

सॉफ्टवेअर बनवणारे तरी कुठे गुण्यागोविंदाने राहिले? व्हीबुलेटिनची मालकी बदलली, तिथले प्रमुख प्रोग्रॅमर बाहेर पडले, २०१० मध्ये त्यांनी 'झेनफोरो' आणलं आणि जुन्या मालकाने थेट कोर्टात खेचलं. २०१३ मध्ये तो खटला मिटला. झेनफोरो आजही नव्या आवृत्त्या काढतंय.

खुद्द मालकाचे डुआयडी

डुआयडी, म्हणजे एकाच माणसाचा दुसरा आयडी, म्हटलं की आपण नाक मुरडतो. पण 'रेडिट' २००५ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे गर्दी दिसावी म्हणून संस्थापकांनीच खोट्या नावांनी दुवे टाकले. स्टीव्ह हफमन यांनी हे नंतर स्वतःच सांगितलं आहे : त्यांच्या दुवा टाकायच्या फॉर्ममध्ये एक जादा खाना होता, त्यात कुठलंही नाव लिहिलं की त्या नावाचा सभासद तयार. रेडिटवर तेव्हा प्रतिसादाची सोयसुद्धा नव्हती. ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात आली, आणि अगदी सुरुवातीच्या प्रतिसादांमध्ये एक तक्रार होती, की प्रतिसादांमुळे आता हे संस्थळ बिघडणार.

तिथे प्रतिसाद कसे लावायचे याचीही गंमत आहे. नुसती मतं मोजली तर जो आधी येतो तोच वर बसतो, म्हणजे रुमाल टाकणाऱ्याची चांदी. २००९ मध्ये 'एक्सकेसीडी' व्यंगचित्रमालेचे रँडल मन्रो यांच्या सूचनेवरून रेडिटने 'बेस्ट' ही नवी मांडणी आणली. तिच्या पोटात एडविन विल्सन या संख्याशास्त्रज्ञाचं १९२७ चं सूत्र आहे. थोडी मतं पडली असतील तर त्यांच्यावर कमी भरवसा ठेवायचा, एवढं त्याचं सार. तुमचा विनोद पहिला की आठवा, याचा निवाडा संगणक नसलेल्या काळातलं गणित करतं.

कर्माचे भोग

'स्लॅशडॉट' या संस्थळाने नव्वदच्या दशकाच्या शेवटी वाचकांनाच पंच केलं. आधी २५ निवडक मॉडरेटर, काम आवरेना म्हणून ४००, तरी आवरेना म्हणून सगळेच, आळीपाळीने. प्रतिसादाला उणे १ ते ५ गुण. चांगले गुण मिळवणाऱ्याच्या खात्यात 'कर्म' जमा. लोकांनी त्याचा खेळ केला, आकडा वाढवायला काय वाटेल ते लिहू लागले. मग ५० ची मर्यादा घातली. तरी भागेना, तेव्हा आकडा लपवून 'उत्तम', 'चांगलं' असे शेरे द्यायला सुरुवात केली. मधल्या काळात मॉडरेटरांच्या निकालांवर निकाल देणारी आणखी एक फळीही उभी राहिली होती. सोसायटीच्या बैठकीत बसलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

'स्टॅक ओव्हरफ्लो' या प्रश्नोत्तरांच्या संस्थळाने यावर एक बारीक तोडगा काढला, तो मला फार आवडतो. दुसऱ्याच्या उत्तराला उणे मत द्यायचं, तर तुमचाही एक गुण कापला जातो. राग काढा, पण पदरमोड करून.

आणि जपानचं 'टूचॅनल' हे चर्चास्थळ बघा. १९९९ मध्ये हिरोयुकी निशिमुरा यांनी ते सुरू केलं, तेव्हा ते अमेरिकेत शिकत होते. तिथे धाग्याला १,००० प्रतिसाद झाले की धागा बंद व्हायचा. विषय संपो न संपो. बोलायचं असेल तर नवा काढा. शिवाय प्रतिसाद लिहिताना 'सागे' एवढा शब्द ई-मेलच्या खान्यात टाकला, की धागा वर यायचा नाही. चर्चेत भाग घ्यायचा, पण आगीत तेल ओतायचं नाही, अशी ही सोय. मराठीत 'हा धागा वर काढू नका' असं लिहून लोक नेमका धागा वर काढतात.

पाच वर्षं आठ महिने

'पीएचपीबीबी' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर जेम्स ॲटकिन्सन यांनी जून २००० मध्ये स्वतःच्या संस्थळासाठी लिहायला घेतलं. दुसरी आवृत्ती एप्रिल २००२ मध्ये आली. तिसरी? १३ डिसेंबर २००७. 'कधी येणार' हा प्रश्नच मधल्या काळात एक मोठा विषय होऊन बसला.

वाट बघण्याच्या त्याच काळात, डिसेंबर २००४ मध्ये, 'सँटी' नावाचा किडा सुटला. त्याचं वैशिष्ट्य असं, की तो पुढची शिकार गूगलवर शोधायचा. पीएचपीबीबीचं धागा दाखवणारं पान कुठे कुठे आहे ते गूगललाच विचारायचं, तिथे शिरायचं आणि पानं खरडून 'हे संस्थळ विद्रूप केलं आहे' अशी पाटी लावायची. हजारो संस्थळं गेली. शेवटी गूगलने तसा शोधच अडवला. या भोकावरचं ठिगळ महिनाभर आधीच आलेलं होतं. लावलं फारसं कुणी नव्हतं.

आपल्या अंगणात

१९९६ च्या गणेशचतुर्थीला सुरू झालेली मायबोली, नंतरचं मनोगत, मिसळपाव : ही सगळी मराठी संकेतस्थळं पुढे 'ड्रुपल'वर उभी राहिली. ड्रुपल मुळात बेल्जियममधल्या अँटवर्पच्या विद्यार्थ्यांचा आपापसात बोलायचा फलक होता. त्यांच्यातल्याच ड्रिस बॉयटार्टला त्यासाठी 'खेडं' या अर्थाचं डच नाव घ्यायचं होतं. अक्षरांची अदलाबदल झाली आणि 'थेंब' या अर्थाचं इंग्रजी नाव टाइप झालं. तेच त्याने ठेवलं. त्यातून ड्रुपल आलं. 'खेडं' राहिलं असतं तर आपल्या विपूंना (विचारपूस), खरडवह्यांना आणि व्यनिंना (व्यक्तिगत निरोप) ते जास्त शोभलं असतं.

देवनागरीची स्वतंत्र दुखणी होतीच. संगणकाच्या हिशेबात 'क्षि' हे एक अक्षर नाही, चार आहेत : क, हलन्त, ष आणि वेलांटी. त्यातलं प्रत्येक साठवायला तीन बाइट लागतात. 'मायएसक्यूएल' या लोकप्रिय डेटाबेसचा जुना 'यूटीएफ-८' प्रकार प्रत्येक चिन्हाला जास्तीत जास्त तीनच बाइट द्यायचा. म्हणजे मराठी अगदी काठावर पास. मग मोबाइलवरून इमोजी आले, ते चार बाइटांचे. अनेक ठिकाणी डेटाबेस काय करायचा, तर इमोजीपाशी आला की तिथून पुढचा सगळा मजकूर निमूट कापून टाकायचा. ना सूचना, ना तक्रार. लेखक शेवटी हसला असेल तर निभावलं. पहिल्याच ओळीत हसला असेल, तर पुढचा अख्खा प्रतिसाद गायब. चार बाइटांचा सुधारित प्रकार २०१० मध्ये आला, पण सगळ्यांनी तो घ्यायला बरीच वर्षं घेतली.

शिव्या गाळणाऱ्या चाळणीने तर इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावाला १९९६ मध्ये रडवलं. गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी दडलेली आहे, म्हणून 'एओएल' ही इंटरनेट कंपनी तिथल्या लोकांना सभासदच होऊ देईना. मराठीला ही चाळणी लागू पडणं कठीण. आपण शिवी न देता अपमान करू शकतो.

वीस अक्षरांची अट

सध्या ज्याच्यात दर थोड्या दिवसांनी काही ना काही नवं येतं, असं चर्चेचं सॉफ्टवेअर म्हणजे 'डिस्कोर्स'. स्टॅक ओव्हरफ्लोचे एक संस्थापक जेफ ॲटवुड यांनी रॉबिन वॉर्ड आणि सॅम सॅफ्रन यांच्या जोडीने २०१३ मध्ये ते जाहीर केलं. मागच्या पन्नास वर्षांतली सगळी भांडणं अभ्यासून केल्यासारखं ते वागतं. एकाच माणसाला तुम्ही एका धाग्यावर तीनदा उत्तर दिलंत, की ते हळूच विचारतं, खाजगीत निरोप पाठवता का? तुम्हीच फार बोलत असाल तर इतरांना बोलू द्या म्हणतं. वर्षानुवर्षं झोपलेला धागा उठवायला गेलात, तर खरंच उठवायचा का, हेही विचारतं. सगळा मजकूर कॅपिटलमध्ये लिहून इंग्रजीत आरडाओरडा केला तर ते अडवतं. देवनागरीत कॅपिटल नाही, त्यामुळे आपण मोकळे.

प्रतिसादाला मुळात किमान २० अक्षरांची अट आहे. म्हणजे आपलं लाडकं '+१' बाद. वीस उद्गारचिन्हं ठोकूनही सुटका नाही, वेगवेगळी चिन्हं किती आहेत तेही मोजलं जातं. मात्र 'अगदी मनातलं लिहिलंत!' हे काना, वेलांटी, अनुस्वार, मोकळ्या जागा आणि उद्गारचिन्ह धरून बरोब्बर वीस भरतं. कॉपी करून ठेवा, उपयोगी पडेल.

आणि ज्यांना लिहायचंच नाही, त्यांचं काय? डिस्कोर्समध्ये विश्वासाच्या पायऱ्या आहेत, शून्य ते चार. तळातून पहिल्या पायरीवर चढायला एकही शब्द लिहावा लागत नाही. ५ धागे उघडायचे, ३० प्रतिसाद वाचायचे, १० मिनिटं वाचनात घालवायची. झाली बढती. तिसरी पायरी टिकवायची तर गेल्या १०० दिवसांतली हजेरीही बघितली जाते. तेव्हा वर्षानुवर्षं रोमात, म्हणजे नुसत्या वाचनात, असलेल्या मंडळींनो, लिहू नका हवं तर, पण लॉगिन करून वाचा. बाहेरून वाचलेलं मोजलं जात नाही.